पुण्यातली जैविक औषधांची लॅब सोलापूरला हलवावी का? अनुभवी लोकांनी सांगा

मोहोळची_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची मोहोळ तालुक्यातली. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं आणि नऊ वर्षं पुण्यात आहे. आम्ही चौघं मिळून पिकांच्या रोगांवर चालणारे जिवाणू आणि बुरशी वाढवतो. भाड्याचे दोन गाळे आणि एक छोटा फर्मेंटर (हे जीव वाढवायची बंद टाकी), एवढाच संसार. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं, म्हणून जागा बदलायचं ठरलंय. भागीदारांना हैदराबादला जायचंय, तिथलं जिनोम व्हॅली हे बायोटेक कंपन्यांचं पार्क वगैरे. मी सोलापूरचं नाव काढलं तर एक जण म्हणाला, "तिथं चादरीशिवाय आहे काय?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही आणि तेच जास्त लागलं. घरी येऊन कागदावर मांडलं: केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, विद्यापीठही तिथंच, त्याच पुणे रस्त्यावर पुढं चिंचोळी एमआयडीसी. कोरडवाहू शेतीचं संशोधन तर सोलापुरात १९३३ पासून चालू आहे, आणि मालदांडी ३५-१ ज्वारी आमच्या मोहोळच्या केंद्रातली. कागदावर छान दिसतंय. पण माझं सोलापूर म्हणजे सुट्टीतलं सोलापूर. तिथं रोज लॅब चालवणाऱ्यांनी सांगा: वीज, पाणी, माणसं?

हुतात्मा_बागेसमोर

ताई, नळाला पाणी रोज येत नाही, दिवसांआड येतं. दिवस किती ते विचारू नका. उजनी भरलेली असली तरी हेच. बाकी चालू द्या.

ट्रायकोवाले_मालक

अकरा वर्षं ट्रायकोडर्मा (रोगांवर चालणारी बुरशी) आणि स्युडोमोनास (तसाच जिवाणू) बनवतोय, सोलापूरजवळच. म्हणून जरा लांबण लागेल.

भागीदाराला सांगा, चादरीशिवाय इथं डाळिंबाचा तेल्या रोग आहे. चेष्टा नाही करत. तुमचं औषध ज्या रोगावर चालवायचं, तो रोग दुचाकीवरून अर्ध्या तासात गाठता आला पाहिजे. पुण्यात तुम्ही ताटलीत जिवाणू वाढवता. इथं मृग बहारात पाऊस लागला की पानावर तेलकट ठिपका, मग फळावर, आणि फळ उभं तडकतं. सकाळी शेतकऱ्याचा फोन, दुपारी नमुना तुमच्या टेबलावर. ही सोय कुठल्या पार्कात विकत मिळते? डाळिंबाला मर रोग आहे, मुळाला सूत्रकृमी आहे, पंढरपूरकडं द्राक्षाला डाऊनी म्हणजे केवडा रोग आहे, करमाळ्याकडं केळी आहे. गुटी कलमांतून तेल्या बागेत येतो, त्यामुळं निरोगी टिश्यू कल्चर रोपांना मागणी आहे, तोही धंदा होऊ शकतो.

आता दुसरी बाजू. पहिल्या वर्षी ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र) लावला होता. १२१ अंश, वीस मिनिटं. चौदाव्या मिनिटाला वीज गेली. आमच्या पोराने वीज आल्यावर उरलेली सहा मिनिटं पूर्ण केली! दाब उतरला की मोजणी पहिल्यापासून, हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी फर्मेंटरमधून ताक नासल्यासारखा वास. दोनशे लिटर गटारात. त्या महिन्यात जनरेटर घेतला. तुम्ही यंत्रांच्या आधी घ्या. पाण्यासाठी बोअर पाहिलात तर क्षार बघा, आरओशिवाय इथं काही होत नाही.

उन्हाळा वेगळाच. मे महिन्यात पारा ४४ च्या आसपास जातो. ट्रायकोडर्माचा माल आपल्याकडून निघतो तेव्हा ग्रॅमला वीस लाखांच्या वर जिवंत बीजाणू असतात, तसा नियमच आहे. मग तो दुकानदाराच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये युरियाच्या थप्पीवर पडतो. एकदा मीच पुडी परत आणून तपासली, प्लेटवर जेमतेम चार ठिपके. शेतकरी म्हणणार, जैविक म्हणजे नुसती भुकटी. त्याचं काय चुकलं? मी तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये दुकानाला माल देत नाही. ऑर्डर आली की बनवतो आणि थेट बांधावर पोचवतो. गिऱ्हाईक जवळ असल्याचा फायदा तो हाच.

माणसं मिळतात. इथल्या कॉलेजांतून एमएस्सी झालेल्या मुली हाताने चांगल्या असतात, पण वर्षभरात पुणं खुणावतं. ज्यांचं सासर सोलापुरात, त्या टिकतात. माझ्याकडं तिघी आहेत, लॅब त्याच चालवतात. मी फक्त चहा आणि शिव्या पुरवतो.

शेतजमीन घेऊन एनए (बिगरशेती) करत बसू नका, एमआयडीसीत गाळा बघा. आणि सगळं एकदम हलवू नका. जनुकांची बारीक कामं, महागडी यंत्रं पुण्यातच राहू द्या, सकाळची रेल्वे आहे. उत्पादन आणि चाचण्या इकडं आणा. फरीदाबादच्या केंद्रीय कार्यालयातली कीडनाशकाची नोंदणी तुम्ही हैदराबादला गेलात तरी तेवढीच रखडणार.

तेल्याग्रस्त_सांगोला

मालकांनी शेतकरी जवळ असल्याचं सांगितलं, आता शेतकऱ्याचं ऐका.

माझी तीन एकर भगवा डाळिंबाची बाग. आधी तेल्या, मग पिन होल बोरर या खोड पोखरणाऱ्या किडीनं शेजारच्या बागाच वाळल्या. कंपनीवाले येतात, बाटली देतात, झाडापाशी फोटो काढतात, जातात. मागं एका कंपनीनं चाचणीसाठी पाच ओळी बिनफवारणीच्या सोडायला सांगितल्या. तुलनेला लागतात म्हणे. सोडल्या. पाऊस झाला, त्या पाच ओळींवर तेल्या आला आणि तिथून अख्ख्या बागेत. त्यांना आकडे मिळाले, मला टोपलीभर तडकलेली फळं. भरपाईचा विषय काढला तर साहेबांची बदली झालेली.

तुम्ही या, ताई. मोहोळच्या आहात, आपल्याच आहात. पण जागा माझी, झाडं माझी आणि कंट्रोलच्या ओळीही माझ्याच, असं असेल तर त्या फळांचे पैसे आधी ठरवा. लिहून. मग पाच काय, दहा ओळी सोडतो.

मोहोळची_लेक

दादा, हे आमच्या एकाही प्रकल्प अहवालात नाही. चाचणीच्या खर्चात आम्ही मजुरी धरतो, औषध धरतो, प्रवास धरतो. सोडलेल्या ओळींचं फळ कधीच धरलं नाही. नऊ वर्षांत एकदाही.

मालक, जनरेटरचं लिहून घेतलं. पत्र्याच्या गोडाऊनचं भागीदारांना वाचून दाखवलं. चादरवाला गप्प आहे, म्हणजे विचार करतोय. पुढच्या महिन्यात चिंचोळीला गाळे बघायला दोघं येतोय, तुमच्या तिघींना भेटता आलं तर बरं होईल.

दादा, पाच ओळींचा हिशेब आजच मांडायला घेते. किलोचा भाव कुठला धरू, पंढरपूर मार्केटचा की सांगोल्याचा?

तेल्याग्रस्त_सांगोला

निर्यातीचा धरा की ओ.