पुढच्या फोर्कमध्ये १०डब्ल्यू का १५डब्ल्यू? लवकर सांगा, मदत हवी आहे

रानवाट
मंडळी, मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमधलं, म्हणजे फोर्कमधलं ऑईल बदलायचंय, १०डब्ल्यू घेऊ का जरा जाड १५डब्ल्यू? काही जण २० पण म्हणतायत. मागच्या सर्व्हिसला गॅरेजमध्ये ऑईल बदललं तेव्हापासून मातीच्या रस्त्यावर हँडल हातात नुसतं थडथडतं, आणि पुढचा ब्रेक दाबला की पुढून खाली बसते ते वेगळंच. म्हणजे जाड ऑईल पाहिजे ना? शनिवारी निघायचंय, त्यामुळे नुसतं कोणतं घ्यायचं तेवढं सांगा, कंपनी कुठलीही चालेल.

नट_बोल्ट
१५ टाका, डोळे झाकून. मी पुढच्या शॉकअपमध्ये कायम १५च वापरतो, ब्रेक मारल्यावर गाडी जागेवर राहते. १० म्हणजे पाणी आहे नुसतं.

चाकोरी
गाडी कोणती?

रानवाट
हिमालयन. मातीत हीच तर चालवतात सगळे.

दुपारचा_वारा
हिमालयनमध्ये १५ अजिबात टाकू नका! तिला शोवा कंपनीचा ४३ मिमीचा यूएसडी, म्हणजे उलटा फोर्क आहे, आतली रचना जुन्या फोर्कसारखी नसते, पातळ ऑईलवर बेतलेली असते. त्यात जाड ऑईल घातलं तर बारीक खड्ड्यात फोर्क हलणारच नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घाला, आणि हे काम घरी करू नका, स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार लागतं.

रानवाट
अहो नवी ४५० नाही, जुनी हिमालयन ४११. साधा फोर्क आहे, ४१ मिमी. १० का १५ एवढंच विचारलंय मी.

चाकोरी
एवढंच विचारलंय खरं, पण एवढ्यावर उत्तर देता येत नाही म्हणून विचारतोय. तुमचं वजन किती, सामान किती लादता, मागे कोणी बसतं का, स्प्रिंग मूळच्याच आहेत का बदलल्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गॅरेजमध्ये आत्ता कोणतं ऑईल भरलंय? आत काय आहे हे माहीत नसताना "यापेक्षा जाड" म्हणजे कशापेक्षा जाड?

आणि १०डब्ल्यू हा आकडा फोर्क ऑईलच्या बाबतीत फार भरवशाचा नाही हे आधी लक्षात घ्या. इंजिन ऑईलला एसएई या संस्थेचं प्रमाण आहे, फोर्क ऑईलला तसं कोणाचं बंधन नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने ५, १०, १५ छापते. खरा आकडा म्हणजे ४० डिग्रीला किती सेंटिस्टोक (ऑईलच्या जाडीचं माप, आकडा मोठा तर ऑईल जाड), तो कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. एका कंपनीचं ५डब्ल्यू १६ सेंटिस्टोकच्या आसपास असतं आणि दुसरीचं ५डब्ल्यू २६ च्या पुढे असतं. म्हणजे दुसऱ्याचं ५ हे पहिल्याच्या १० च्या जवळ जाऊन बसतं. त्यामुळे "कंपनी कुठलीही चालेल" हे वाक्यच आधी मागे घ्या.

नट_बोल्ट
सेंटिस्टोक वगैरे रेसवाल्यांना ठीक आहे हो. साध्या माणसाने हाताला जाड लागतंय का ते बघावं.

चाकोरी
हाताला ३० आणि ४० मधला फरक कळत नाही, फोर्कला कळतो.

तेलाची_बरणी
मी काही वेगळंच सुचवतो. एटीएफ वापरा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल. डेक्स्रॉन ३ दर्जाचं ४० डिग्रीला साधारण ३४ सेंटिस्टोक असतं, म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या १०डब्ल्यू फोर्क ऑईलएवढंच. गरम झाल्यावर फार पातळ होत नाही, फेस कमी धरतो, सील खराब करत नाही. जुन्या साध्या फोर्कच्या, म्हणजे डॅम्पर रॉडच्या गाड्यांत लोक वर्षानुवर्षं हेच घालत आलेत. सगळीकडे मिळतं आणि बाटलीवर दर्जा लिहिलेला असतो, डब्ल्यूचा घोळ नाही.

दुपारचा_वारा
एटीएफमधली रसायनं गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटसाठी असतात. फोर्कमध्ये बुश (नळीभोवतीचं कडं) आणि नळी घासतात तिथे वेगळं वंगण लागतं. चालतं म्हणून बरोबर ठरत नाही.

तेलाची_बरणी
बुश झिजल्याचं एक उदाहरण द्या मग. मी प्रत्येक वेळी बुश बाहेर काढून बघतो, टेफ्लॉनचा थर शाबूत असतो. आणि सध्याची नवी एटीएफ म्हणत नाहीये मी, डेक्स्रॉन ६ त्यापेक्षा पातळ आहे, बाटली नीट वाचून घ्या. पण जुन्या दर्जाचं असेल तर बिनधास्त.

सावलीतली_स्वारी
अवांतर: फोर्कचं सील (ऑईल बाहेर येऊ न देणारं रबर) गळत असेल तर लगेच बदलायला जाऊ नका. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी घ्या, तिचा एक कोपरा आकड्यासारखा कापा, धुळीचं कव्हर वर सरकवून सीलच्या ओठाखालून गोल फिरवून काढा. बहुतेक वेळा अडकलेला मातीचा कण बाहेर येतो आणि गळती थांबते. पट्टी नसेल तर पातळ प्लास्टिकची कडा पण चालते, फक्त धातूचं काही घालू नका.

रानवाट
सील गळत नाहीये ताई. थडथडतंय.

मोकळा_माळ
थडथडतंय तर टायरमधली हवा बघितली का? डांबरावरचा दाब मातीवर ठेवला की सगळंच हातात येतं. चार-सहा पीएसआय कमी करून बघा, फोर्क उघडायची गरजच पडणार नाही.

रानवाट
हवा कमी करून झाली. ऑईल बदलायच्या आधी याच हवेवर नीट चालायची, म्हणून तर फोर्कवर संशय आहे. माझं वजन ९२, मागे दोन बॅगा, वर तंबू. मागे कोणी बसत नाही. स्प्रिंग मूळच्या. गॅरेजवाला १०डब्ल्यू टाकलं म्हणाला.

खडीवाली
तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या करून बघा, कारण त्या उलट्या दिशेला ओढतात.

ब्रेक दाबल्यावर पुढून बसणं हा मुख्यतः स्प्रिंगचा विषय आहे. ऑईल वजन पेलत नाही, स्प्रिंग पेलते. ऑईल जाड केलं तर गाडी तेवढीच खाली जाते, फक्त जरा सावकाश जाते. ९२ किलो आणि सामान म्हटल्यावर मूळ स्प्रिंग आधीच बरीच दबलेली असणार.

मातीवर थडथडणं हा ऑईलचा विषय असू शकतो, आणि तोही बहुतेक ऑईल जास्त जाड असल्याचा. पन्हाळीसारखा आडव्या लाटांचा रस्ता असतो ना, तिथे एका लाटेवर फोर्क दबतो, आणि पुढची लाट यायच्या आत त्याला परत वर यायचं असतं. ऑईल जाड असेल तर तो पूर्ण वर येत नाही. पुढच्या लाटेला आणखी दबतो, मग आणखी. थोड्या वेळात फोर्क खालच्याच भागात अडकून चालतो, उरलेली हालचाल संपते आणि सगळा मार मनगटात येतो. चालवणाऱ्याला वाटतं फोर्क फार मऊ आहे म्हणून खाली बसलाय, आणि तो आणखी जाड ऑईल घालतो. ही चूक फार जण करतात म्हणून एवढं लांबण लावलं.

साध्या डॅम्पर रॉडच्या फोर्कमध्ये हे जास्त जाणवतं. आत एक नळी, तिला ठराविक मापाची भोकं, त्यातूनच ऑईल जाणार. फोर्क हळू दबला तर ऑईल आरामात निघून जातं, म्हणजे ब्रेक मारताना अडवणूक कमी. दगडावर आपटून जोरात दबला की तीच भोकं अपुरी पडतात, वेग दुप्पट झाला तर अडवणूक जवळपास चौपट. त्यामुळे ब्रेकला मऊ आणि दगडाला कडक असं एकाच वेळी होतं, गाडी बिघडलेली असायला लागत नाही. नुसतं ऑईल बदलून दोन्ही सुटत नाहीत, एकाला द्यायचं तर दुसऱ्याचं काढून घ्यावं लागतं.

नट_बोल्ट
मग मला १५ वर का बरं वाटतं?

खडीवाली
तुम्ही बहुतेक डांबरावर चालवता का? तिथे लाटा नसतात, ब्रेक आणि वळणं असतात, तिथे १५ नक्कीच बरं वाटेल. ड्युअल स्पोर्ट, म्हणजे डांबर-माती दोन्हीची गाडी म्हटली की दोन्ही रस्ते आले.

नट_बोल्ट
हो, बहुतेक डांबरच. मातीवर क्वचित.

इम्युलेटर_वाला
मधे बोलतो. डॅम्पर रॉडवर इम्युलेटर बसवा, रेसटेकचं गोल्ड व्हॉल्व्ह वगैरे. स्प्रिंगच्या खाली रॉडच्या डोक्यावर एक झडप बसते, रॉडची खालची भोकं मोठी करायची, मग दबताना ती झडप काम करते आणि वर येताना फक्त ऑईल. दोन्ही वेगळं सेट करता येतं. माझ्या गाडीत बसवल्यापासून मागे वळून पाहिलं नाही.

चाकोरी
माणसाला शनिवारी निघायचंय हो. रॉडला भोकं पाडायचं काम आत्ता नको.

रानवाट भाऊ, गॅरेजवाल्याने १०डब्ल्यू कोणतं टाकलं? डबा बघा किंवा फोटो मागवा.

रानवाट
फोटो मागवला. डब्यावर १०डब्ल्यू-३० आहे. तेच ना?

चाकोरी
नाही! ते इंजिन ऑईल आहे. त्यातला १०डब्ल्यू हा थंडीत ते किती वाहतं त्याचा दर्जा आहे, फोर्कच्या १०डब्ल्यूशी त्याचा संबंध नाही. १०डब्ल्यू-३० इंजिन ऑईल ४० डिग्रीला ६५-७० सेंटिस्टोकच्या घरात असतं. फोर्कचं १०डब्ल्यू साधारण ३२ ते ३६. म्हणजे दुप्पट जाड ऑईल घेऊन फिरताय तुम्ही, बाजारातलं १५डब्ल्यू फोर्क ऑईल पण बहुधा यापेक्षा पातळच निघेल. थडथडण्याचं कारण हेच धरून चला, आणि १५ चा विचार सोडा.

तेलाची_बरणी
बघा, म्हणूनच म्हणतो डब्ल्यूवर जाऊ नका. ३४ सेंटिस्टोक म्हणा आणि मोकळे व्हा.

दुपारचा_वारा
आकड्याच्या बाबतीत मान्य. ऑईल मात्र फोर्कचंच घ्या.

रानवाट
बरं, मग १०डब्ल्यू फोर्क ऑईल. का १० आणि ५ मिसळून घेऊ? एकाने साडेसात सुचवलंय.

खडीवाली
आत्ता सरळ १०. पुढे कधी मिसळायचं झालं तर एकाच कंपनीचं, एकाच प्रकारचं घ्या, आणि अर्ध-अर्ध केलं की बरोबर मधलं मिळतं असं समजू नका. १६ आणि ३६ सेंटिस्टोक समसमान मिसळलं तर २६ येत नाही, २३-२४ येतं, पातळाकडे झुकतं.

भरताना मात्र मिलीवर जाऊ नका, पातळीवर जा. जुनं ऑईल पूर्ण निथळत नाही, थोडं आत राहतंच, म्हणून मोजून ओतलं तरी फोर्कच्या दोन पायांत (डाव्या-उजव्या नळीत) कमीजास्त होतं. स्प्रिंग बाहेर काढा, फोर्क सावकाश वरखाली करून आतली हवा काढा, पूर्ण दाबून थोडा वेळ उभं ठेवा, आणि मग नळीच्या वरच्या काठापासून ऑईलपर्यंतचं अंतर मोजा. मॅन्युअलमधलं अंतर घ्या आणि दोन्ही पायांत सारखं करा. वरची मोकळी हवा पण स्प्रिंगचंच काम करते, विशेषतः शेवटच्या टप्प्यात. तळाला ठक्क आपटत असेल तर पातळी ५ मिमीने वाढवून बघायची, ४१ मिमीच्या फोर्कमध्ये १० मिमी म्हणजे साधारण १०-११ मिली. एकदम जास्त भरलं तर हवेला जागाच उरत नाही आणि सील उडतं.

मोकळा_माळ
उंचावर जाणार असाल तर हवेवरून एक सांगतो. खाली बंद केलेला फोर्क वर नेला की बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली हवा तुलनेने जास्त दाबाची होते, फोर्क कडक वाटतो. पुढचं चाक अधांतरी ठेवून वरची टोपी थोडी सैल करून परत घट्ट केली की झालं. ऑफरोडच्या बऱ्याच गाड्यांना यासाठी वर छोटा स्क्रू असतो.

रानवाट
काल उघडला. एका पायात दुसऱ्यापेक्षा स्पष्ट कमी ऑईल होतं, रंग मधासारखा, म्हणजे अजून नवंच, पण इंजिन ऑईलच. केरोसीनने दोन्ही धुवून निथळायला ठेवलेत. १०डब्ल्यू फोर्क ऑईल आणलं, माहितीपत्रकात ३६ सेंटिस्टोक लिहिलंय. उघडायच्या आधी सॅग, म्हणजे वजनाने फोर्क किती बसतो ते पण मोजून ठेवलं होतं, सामान लादून मी बसलो तर ८० मिमी खाली जाते.

खडीवाली
फोर्कच्या एकूण २०० मिमी हालचालीला ५० ते ६५ सॅग बरा. ८० म्हणजे स्प्रिंग कमी पडतेय, तेच तुमचं ब्रेकला बसणं. या वेळेपुरता स्प्रिंगच्या वर १५ मिमीचा स्पेसर वाढवा, सॅग साधारण तेवढाच कमी होईल, फक्त स्प्रिंग पूर्ण दबून वेटोळी एकमेकांना लागत नाहीत ना ते बघा. परत आल्यावर वजनाप्रमाणे स्प्रिंग घ्या. आणि धुतल्यावर केरोसीन आत राहू देऊ नका, थोडं नवं ऑईल घालून हलवून ओतून टाका आणि मग पातळी करा.

चाकोरी
चाक परत बसवताना अॅक्सलचा पिंच बोल्ट (फोर्कच्या तळाशी अॅक्सल आवळून धरणारा) शेवटी आवळा. आधी गाडी खाली उतरवून पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाचदा जोरात दाबा, म्हणजे दोन्ही पाय सरळ रेषेत येतील, मग बोल्ट. तो आधीच आवळला तर फोर्क तिरका अडकतो आणि परत थडथड सुरू होते, तेव्हा ऑईलला दोष देत बसाल.

रानवाट
पिंच बोल्टचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. स्पेसर पीव्हीसी पाईपचा कापला तर चालेल का?

तेलाची_बरणी
चालतो, जाड भिंतीचा घ्या, दोन्ही टोकं काटकोनात कापा आणि दोन्हीकडे वॉशर ठेवा. कापल्यावर आतला चुरा नीट पुसा, ऑईलमध्ये गेला तर भोकं तुंबतील.