मदत हवी आहे: फिश फाइंडरच्या स्क्रीनवर डूम गेम, पण चित्र अडखळतंय

हर्णै बंदरातल्या एका ट्रॉलरवरचा बाद फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) मिळालाय. खाऱ्या हवेने बोर्डावर हिरवा गंज चढलाय, स्क्रीन मात्र ठणठणीत: १२८ बाय ६४, एकरंगी, ती चालवणारी चिप म्हणजे कंट्रोलर एसटी७९२०. ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर जोडून, १९९७ साली खुल्या झालेल्या सोर्स कोडवरून डूम चालवतोय. वॅड फाइल (गेमचे नकाशे आणि चित्रं असलेली) त्याच्या फ्लॅश मेमरीतच आहे. ३२० बाय २००चं चित्र ठिपक्यांत उतरवलं, तर पहिल्या खोलीतले खांबसुद्धा ओळखू आले, इतका आनंद झाला! पण सेकंदाला जेमतेम ८ फ्रेम. पूर्ण फ्रेम १०२४ बाइटची आणि कंट्रोलर दर बाइटला ७२ मायक्रोसेकंद मागतो. एसपीआयचा (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीचा) वेग वाढवला की चित्र फाटतं. स्क्रीन बदलायची नाही, सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे. फक्त बदललेल्या ओळी पाठवू, की पॅरलल (अनेक बिट एकदम पाठवणाऱ्या) जोडणीने खरंच फरक पडेल?