प्रतिसाद: ऐन सीझनमध्ये ग्रीनला भोकं

वर एकांनी लिहिलंय की गोल्फ क्लबने फी पूर्ण घेतली आणि ग्रीनवर (म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) भोकं पाडून वाळू पसरून ठेवली होती. वैताग रास्त आहे, पण भोकं पाडल्याशिवाय गत्यंतर नाही. रोज पायांखाली आणि मशीनखाली दबून माती घट्ट होते, पाणी वरच साचतं, मुळांना हवा मिळत नाही. मशीनच्या पोकळ दात्यांनी मातीच्या गुंडाळ्या उपसून त्या जागी वाळू भरतात.

खरा प्रश्न वेळेचा. आपल्याकडच्या ग्रीनवरचं बर्म्युडा गवत म्हणजे हरळीच. ती उन्हाळ्यात नि पावसाळ्यात फोफावते, थंडीत मंदावते. आणि आपला सीझन नेमका थंडीतला! डिसेंबरात पोकळ दाते चालवले तर जखमा लवकर भरत नाहीत. ते काम मे-जूनमध्येच उरकावं. सीझनमध्ये बारीक भरीव दाते, वर वाळूचा हलका हात आणि रोलर, एवढंच. चेंडू फारसा अडत नाही.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हे गोल्फ मैदान रविवारी सहसा बंद असतो, हिवाळ्यात फेअरवेवर (ग्रीनपर्यंतच्या गवताच्या पट्ट्यावर) चटईवरून फटका मारावा लागतो. तिथे कुणी कुरकुरत नाही म्हणे! आपल्या क्लबांनी निदान कामाच्या तारखा आधी फळ्यावर लावाव्यात आणि त्या आठवड्यात फी कमी करावी.