सेंद्रिय मातीतल्या कुंड्यांना पाणी घालताना पीएच कमी करावा का?

अनंतमोगरा

नमस्कार मंडळी,

वाघोलीच्या पुढे आमची सोसायटी आहे. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. गच्चीवर कुंड्या आणि तीन-चार ड्रम आहेत. मातीत गावाकडून आणलेली काळी माती, शेणखत, घरचं कंपोस्ट, थोडं कोकोपीट आणि निंबोळी पेंड. रासायनिक खत अजिबात घालत नाही. अधूनमधून चुलीची राख आणि अंड्याची टरफलं मात्र घालते.

अडचण अशी की अनंताची नवी पानं पिवळी निघताहेत. शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पार लिंबासारखा. लिंबाच्या झाडाचंही तेच, कढीपत्ता त्याच वाटेवर. पालक, टोमॅटो, मिरच्या मात्र ठणठणीत. मुलाने पीएचचा (७ च्या खाली आम्ल, वर अल्क) पेन मागवून दिला, त्यावर पाणी ८.२ दाखवतंय. व्हिडिओत बघावं तर सगळे बाटलीतून थेंब टाकून ६.५ वर आणतात. दुसरीकडे काही जण म्हणतात की सेंद्रिय माती स्वतःच सांभाळून घेते, पाण्याच्या पीएचला हातसुद्धा लावू नका.

मी बादलीत लिंबू पिळून पाहिलं. लगेच ६.५ झाला, पण सकाळी बघते तर ७.८! आता नेमकं काय करू? रोज मोजून आम्ल घालायचं का?

---

शेंगदाणा

ताई, एवढा विचार करू नका. मी बादलीला एक झाकण व्हिनेगर घालतो. मोगरा, गुलाब, जास्वंद, सगळं झकास आहे. कोथरूडला राहतो.

---

काळी_माती

मी बरीच वर्षं माती परीक्षणाच्या कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातसुद्धा, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, ६.५ ते ८.५ चालतो. बघायची असते ती पाण्याची अल्कता, म्हणजे त्यात बायकार्बोनेट किती विरघळलंय ते. दोन बादल्या घ्या, दोन्हींचा सामू ८.२. एकीत अल्कता लिटरला ४० मिलिग्रॅम, दुसरीत ४००. पहिलीत थोडं लिंबू पिळलं की सामू घसरतो, दुसरीला तेवढंच घसरायला दहापट लिंबू लागतं. मातीवरही दोन्हींचा परिणाम तसाच वेगवेगळा होतो.

शेंगदाणा, तुमचं व्हिनेगर का 'चालतं' ते आता लक्षात येईल. तुम्हाला बहुधा खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं. ते मऊ असतं, म्हणजे त्यात क्षार कमी. झाकण घातलं काय, न घातलं काय, तुमचा मोगरा फुलणारच. ताईंचं पाणी दख्खनच्या बेसॉल्टमधून मुरून आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड. त्यांच्या पंधरा लिटरच्या बादलीला खरा फरक पाडायचा तर शंभर मिलिलिटरच्या पुढे व्हिनेगर लागेल.

ताई, सकाळी सामू परत का चढला? लिंबाच्या आम्लाने बायकार्बोनेट फोडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात असेपर्यंत सामू खाली दिसतो, रात्रभरात उडून गेला की वर येतो. शिवाय लिंबू, व्हिनेगर ही सेंद्रिय आम्लं. मातीतले जिवाणू ती काही दिवसांत खाऊन टाकतात आणि त्यांच्या क्षारांचं पुन्हा बायकार्बोनेट होतं. म्हणजे रोज आम्ल घालून जमाखर्च जवळपास शून्य. गंधकाम्ल किंवा फॉस्फरिक आम्लाचं तसं होत नाही, पण ते घरात ठेवण्याच्या भानगडीत पडू नका.

आता माती. मुरलेलं कंपोस्ट, ह्युमस आणि चिकणमाती सामूचे छोटे धक्के झेलतात. मुळं स्वतः आम्ल सोडतात, जिवाणूंच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड येतो, शेणखतातल्या अमोनियाचं नायट्रेट होतानाही थोडी आम्लता तयार होते. त्यामुळे साध्या पाण्यावर चांगल्या सेंद्रिय मातीत रोज मोजमाप करायची गरज नसते, हे म्हणणारे बरोबर आहेत. फक्त झेलण्याला मर्यादा असते आणि कुंडी म्हणजे शेत नव्हे. हिशोब करून बघा. अल्कता लिटरला ३८० मिलिग्रॅम धरली, पावसाळ्याचे चार महिने सोडून रोज एक लिटर पाणी घातलं, तर वर्षाला सुमारे ९० ग्रॅम चुनखडीइतका ऐवज त्या कुंडीत येतो. थोडा खालून वाहून जातो, बाकीचा बसतो. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल, तो हाच.

तुमच्या पानांचं वर्णन लोहाच्या कमतरतेचं आहे. ऊस, भुईमूग पिवळा पडला की शेतकरी केवडा पडला म्हणतात, तेच हे. मातीत लोह असतं, पण सामू साडेसातच्या वर गेला की मुळांना ते मिळत नाही. अनंत तर पाच ते साडेसहामध्ये रमणारं झाड, म्हणून तो आधी बोंब मारतो. पालकाला काहीच वाटत नाही.

एक काम करा. कुंडीतली चमचाभर माती वाळवून बशीत घ्या आणि तिच्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसते का सांगा, फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे. आणि राख आजपासून बंद. राखेचा सामू दहाच्या वर असतो. टरफलं सावकाश विरघळतात, त्यांचा तेवढा त्रास नाही, पण या मातीला त्यांची गरजही नाही.

---

लाल_जांभा

आमच्या सिंधुदुर्गात सगळंच उलट. जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, पावसाने चुना धुऊन गेलेला. इथे भाजीच्या वाफ्यात राख घातली तर भाजी खूश. व्हिडिओ बघून खत घालणाऱ्यांनी आधी व्हिडिओवाला कुठल्या मातीवर उभा आहे ते बघावं.

---

बाल्कनी_हायड्रो

पीएच डाऊनवाले, म्हणजे थेंब टाकून पीएच उतरवणारे व्हिडिओ बहुतेक आमच्या जमातीचे असतात. हायड्रोपोनिक्समध्ये माती नसते, झेलायला कोणी नसतं, त्यामुळे आम्हाला ५.५ ते ६.५ राखावंच लागतं. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत फॉस्फरिक आम्ल असतं. मातीवाल्यांनी आमची नक्कल करू नये.

पेनबद्दल एक. स्वस्तातला पेन मिळाल्यावर ६.८६ आणि ४ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, जुळवून घेतला का? नसेल तर त्या ८.२ वर फार विश्वास ठेवू नका. आणि मातीत खुपसायचे ते दोन काट्यांचे मीटर मिळतात ना, ते खेळणं आहे.

अल्कता मोजायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. मत्स्यालयाच्या दुकानात 'केएच' नावाचं थेंबांचं किट मिळतं. पाण्याचा रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे किटचा एक अंश, म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम अल्कता.

---

अनंतमोगरा

सगळ्यांचे आभार! व्हिनेगर टाकल्याबरोबर माती सोड्यासारखी फसफसली. नीट बघितलं तर मातीत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरट खडेसुद्धा सापडले. शेजारच्या काकांकडे मासे आहेत, त्यांच्या किटवर २१ थेंब आले. म्हणजे ३७८ ना? काळी_माती, तुमचा अंदाज भीतीदायक अचूक निघाला.

आता तीन प्रश्न. मातीत गंधक मिसळू का? नर्सरीवाला हिराकस (फेरस सल्फेट) दे म्हणतोय, देऊ का? आणि आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी वाया जातं, ते कुंड्यांना चालेल का?

---

काळी_माती

ते खडे म्हणजे चुनखडी. गावाकडची काळी माती अशीच असते.

गंधक मातीतल्या जिवाणूंकडून आम्लात बदलतं, त्याला काही आठवडे ते महिने लागतात. चुनखडी नसलेल्या मातीत ते छान काम करतं. तुमच्याकडे आधी चुनखडी संपवावी लागेल, आणि एक किलो चुनखडीला साधारण ३२० ग्रॅम गंधक लागतं. एवढं गंधक कुंडीत ओतण्यापेक्षा माती बदलणं सोपं.

हिराकस या मातीत नुसतं टाकलं तर लोहाचा गंज होऊन बसेल. आपल्याकडे ते शेणखतात मुरवून देतात, ते बरं. तातडीचा उपाय म्हणून फवारणी करा. लिटरला दोन-तीन ग्रॅम हिराकस, चिमूटभर सायट्रिक आम्ल, संध्याकाळी, आधी एकाच फांदीवर. पानं हिरवी होतील, पण पुढची नवी पालवी परत पिवळी येणार. कारण मुळाशी काही बदललेलं नाही. मातीतून द्यायचं तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट घ्या (लोह धरून ठेवणारं संयुग), ते जास्त सामूलाही टिकतं. दुकानदार ईडीटीएवालं देईल, ते साडेसहा-सातच्या पुढे तग धरत नाही. दोन्ही कारखान्यात बनलेली आहेत. तुमच्या सेंद्रियच्या व्याख्येत बसतात का ते तुम्ही ठरवा, मी त्या वादात पडत नाही.

आरओचं वाया जाणारं पाणी नको. तुमच्या बोअरमधले क्षार त्यात आणखी घट्ट होऊन येतात. सोसायटीत सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, असेल तर त्याचंही नको, त्यात सोडियम असतं. फरशी पुसा त्याने.

मी तुमच्या जागी असतो तर टोमॅटो, मिरची, पालक आहेत तसे ठेवले असते, फक्त दर हंगामाला भरपूर कंपोस्ट. अनंत, लिंबू आणि कढीपत्ता या तिघांना नवी माती. नर्सरीत लाल माती मिळते. ती, पालापाचोळ्याचं मुरलेलं खत आणि कोकोपीट, साधारण समान. लाल मातीचीही आधी व्हिनेगर टाकून परीक्षा घ्या. भरावाची माती लाल रंगाची म्हणून विकणारे महाभाग आहेत. मग या तिघांपुरतं पावसाचं पाणी साठवा. गच्चीच्या पन्हाळीखाली एक ड्रम ठेवलात तरी पुष्कळ. त्या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास नसतंच. पावसाळ्यात कुंड्या आडोशाला न ठेवता उघड्यावर ठेवा, साठलेले क्षार धुऊन निघतात. भोकं मात्र मोकळी हवीत. पाणी तुंबून मुळं गुदमरली तरी पानं अशीच पिवळी पडतात.

---

शेंगदाणा

म्हणजे माझं व्हिनेगर वाया गेलं म्हणायचं. बायको केव्हापासून हेच म्हणतेय.

---

लाल_जांभा

शेंगदाणा, लोणच्यात घाला.

---

अनंतमोगरा

काळी_माती काका, फारच उपयोगी पडलं. ड्रमचं सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलते, डासांवरून ते कुरकुर करणार. एक शेवटची शंका. कुंडी बदलताना अनंताच्या मुळाभोवतीची जुनी माती सगळी धुऊन काढू का? झाडावर आत्ता कळ्या आहेत.

---

काळी_माती

कळ्या असताना हात लावू नका. फुलं होऊन जाऊ द्या, पहिले दोन-तीन पाऊस पडू द्या, मग काढा. मुळं उघडी करून धुवायची नाहीत. बाहेरची तिसरा हिस्सा माती बोटांनी हलकेच झाडा, खडे दिसतील तेवढे वेचा आणि नव्या मातीत बसवा. आठवडाभर सावलीत ठेवा. ड्रमला बारीक जाळी बांधलीत तर सेक्रेटरींचीही तक्रार राहणार नाही.