दिवाळीच्या सेलसाठी गेमिंग पीसी लांबवू नका

कॉलेजरोडकर (धागाकर्ता)
नवीन गेमिंग पीसी कधी घ्यावा? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: 'थांब रे, दसरा-दिवाळीला सेल लागतात.' माझं मत नेमकं उलटं आहे. हवा तो गेम आत्ताच्या मशीनवर चालत नसेल आणि सगळ्या पार्ट्सचे पैसे एकत्र हातात असतील, तर त्याच आठवड्यात घेऊन मोकळं व्हावं.

'थांबलं की स्वस्त मिळतं' हा हिशेब आपल्या थोरल्या भावांच्या काळातला. तेव्हाही तो दर वेळी जमला नाही. २०११ ला थायलंडच्या पुरात वेस्टर्न डिजिटलचे कारखाने बुडाले आणि हार्ड डिस्क महागल्या. २०२० च्या शेवटापासून क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं पळवली. २०२५ ला रॅमची पाळी आली. त्या वर्षी पावसाळ्यात जे 'दिवाळीला बघू' म्हणाले, त्यांच्यासमोर डिसेंबरपर्यंत डीडीआर५ चा (रॅमच्या सध्याच्या पिढीचा) भाव दुपटीच्या पुढे गेला. सेलमध्ये ग्राफिक्स कार्डावर वाचवलेले पैसे रॅमनेच खाल्ले. वर त्याच डिसेंबरात डॉलर नव्वदी पार, आणि आपला सगळा माल बाहेरून येणारा. नाशिकच्या एम.जी. रोडवर कोटेशन मागा, खाली पेनाने लिहिलेलं असतं: 'भाव आजचा'.

निफाडकर
साफ चूक. २०२१ मध्येही 'आत्ता नाही तर कधीच नाही' म्हणत लोकांनी आरटीएक्स ३०६० कार्डाला दुप्पट पैसे मोजले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात ढीग लागला. थांबणारे शहाणे ठरले.

आमच्या लासलगावला कांदा चढला की जो तो कांदाच लावतो, मग सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. रॅमचं वेगळं काय आहे? २०१७-१८ ला महाग होती, २०१९ ला आपटली. २०२३ ला तर या कंपन्या तोट्यात विकत होत्या. आज घाई करणारा चढ्या भावाचा गिऱ्हाईक. दुकानदाराला असाच लागतो.

कॉलेजरोडकर
कांदा चार महिन्यांत हाती येतो हो. मेमरीचा कारखाना उभा राहायला वर्षं जातात. आणि इथे मोठे शेतकरी तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. तिघांनीही चांगली जमीन एआय सर्व्हरच्या एचबीएम मेमरीला दिली आहे. तेवढ्याच जीबीसाठी एचबीएमला डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर (चिपा कापायची सिलिकॉनची चकती) लागतो, म्हणजे आपल्या वाट्याला काय उरतं बघा. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ ला ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्याने शेतच विकायला काढलं, तो पुढच्या हंगामात काय आणणार?

भाव कधीतरी पडेल, नाही म्हणत नाही.

निफाडकर
पडेल ना? मग झालं. माझा मुद्दा तेवढाच होता.

कॉलेजरोडकर
आणि तोवर खेळायचं काय? सॉलिटेअर?

सिडको सर्व्हिसिंग
तुम्ही दोघं भावावर भांडताय. माझ्या टेबलावर येतं ते दुखणं वेगळंच आहे.

लोक जमेल तसे पार्ट्स गोळा करतात. मदरबोर्ड मार्चमध्ये ऑफर दिसली म्हणून, प्रोसेसर गणपतीत, रॅम दिवाळीत. तोवर बोर्डाचा बॉक्स कपाटावर, सीलपॅक. मग जोडायला माझ्याकडे आणतात. सॉकेटवरचं काळं झाकण काढलं की कोपऱ्यात एक पिन आडवी. टॉर्च तिरकी धरल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. एएम५ (एएमडी प्रोसेसरचं सॉकेट) असो की इंटेल, पिना आता बोर्डावरच असतात. ही पिन कारखान्यातून वाकडी आली की घरी वाकली, कोण कुणाला पटवणार? बदलून द्यायची मुदत कधीच संपलेली. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, मशीन सुरू झाल्यापासून नाही. वाकलेली पिन बहुतेक कंपन्या 'फिजिकल डॅमेज' म्हणून सरळ परत पाठवतात.

म्हणून बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकाच दिवशी, एकाच बिलावर. दुकानातच जोडायला लावा, मशीन सुरू करून बायोसची स्क्रीन डोळ्यांनी बघा, मग उरलेले पैसे द्या. कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आधी घेतलं तरी बिघडत नाही. चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा वर्षं वॉरंटी असते, त्यातले चार महिने गेले तर गेले. ग्राफिक्स कार्ड मात्र सगळ्यात शेवटी. रायझन ५ ७६०० सारख्या प्रोसेसरमध्ये जुजबी ग्राफिक्स असतं, कार्ड येईपर्यंत मशीन चालतं. ७५००एफ घेतलात तर ते नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळी. 'बोर्ड खराब आहे' म्हणत निम्मे लोक त्यासाठीच येतात.

पंचवटी एक्स्प्रेस
सकाळी गाडी पकडा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला उतरत्या भावात घ्या, संध्याकाळच्या गाडीने घरी. सण कशाला बघायचे?

सिडको सर्व्हिसिंग
आणि पीस खराब निघाला की पुन्हा गाडी पकडा.

गंगापूररोड ४२२०१३
सूटच हवी असेल तर दिवाळी सोडा, पितृपक्षात जा. कुणी नवीन वस्तू घेत नाही, दुकान ओस, मालक स्वतः चहा मागवतो आणि कीबोर्ड-माउस वर घालून देतो. घटस्थापनेला तोच माणूस ओळख दाखवत नाही. (घरी आजी असेल तर बॉक्स सर्वपित्रीनंतरच आत आणावा.)

दुसरं, सेलमधल्या 'नो कॉस्ट ईएमआय'ला भुलू नका. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी दुकानाच्या बिलावर नसतो, महिन्याभराने क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये उगवतो.

इंदिरानगरचा बाप
मुलगा बारावीला आहे. सीईटी झाली की घेऊ, असं ठरलं होतं. काल त्याने मला हाच धागा पाठवला. कॉलेजरोडकर, तुमचे आभार कसे मानू?

बजेट ९० हजार. त्याचं म्हणणं, निदान रॅम तरी आत्ता घेऊन ठेवू, नंतर अजून महागेल. एकदा रॅम घरात आली की तिच्या मागोमाग बाकीची वरात येणार, हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

बारावी सायन्स बी
बाबा, इथे पण?

निफाडकर
बाळा, पीसी कुठल्या गेमसाठी घ्यायचा आहे?

बारावी सायन्स बी
जीटीए ६.

निफाडकर
घ्या! कॉलेजरोडकर, तुमचाच नियम लावा. जीटीए ६ ची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६, तीही फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीची तारीखच सांगितलेली नाही. मागचा जीटीए ५ कन्सोलवर आला सप्टेंबर २०१३ ला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला. जो गेम पीसीवर आलाच नाही, त्याच्यासाठी चढ्या भावाची रॅम आज घ्यायची? काका, निवांत राहा. सीईटी होऊ द्या.

कॉलेजरोडकर
जीटीए ६ साठी असेल तर मीही थांबाच म्हणेन. पण पोरगा सध्या खेळतो कशावर, ते विचारलंत का?

बारावी सायन्स बी
आईच्या ऑफिसने काढून टाकलेल्या लॅपटॉपवर. जीटीए ५ पण अडकत अडकत चालतो. रात्री पंख्याच्या आवाजाने बाबाच उठतात.

कॉलेजरोडकर
मग हा माझ्याच नियमात बसतो. सीईटीनंतर घ्या, काका, त्याला माझी ना नाही, अभ्यासाचा प्रश्न तुमच्या घरचा. पण तिथून पुढे 'आता दिवाळीला बघू' असं म्हणू नका. जुलै-ऑगस्टात कॉलेजच्या फीचे आकडे समोर आले की हे ९० हजार पीसीसाठी राहणार नाहीत.

इंदिरानगरचा बाप
हे मात्र खरं बोललात. परवा एका दुकानातून कोटेशन आणलं, ते देतो: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर५ ची एक स्टिक, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ५०६० ८ जीबी, एसएमपीएस ५५० वॅट, कॅबिनेट. मुलगा म्हणतो रॅम ३२ हवी आणि कार्ड १६ जीबीचं.

सिडको सर्व्हिसिंग
एक स्टिक राहू द्या. दोन स्टिक असल्या की थोडा वेग जास्त मिळतो, पण या भावात ३२ जीबीचा हट्ट नको. बोर्डाला रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा राहतो ना, एवढं बघा, भाव उतरला की दुसरी टाका, त्याच कंपनीची, त्याच स्पीडची. या कोटेशनमधल्या एएम५ सॉकेटला एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देणार म्हटलंय, तेव्हा बोर्ड-प्रोसेसर लगेच वाया जात नाहीत. कार्डाबाबत पोरगा बरोबर आहे. ८ जीबीत नवे गेम १०८० पी लाही (साध्या फुल एचडीवरही) टेक्सचर कमी करून खेळावे लागतात. आरएक्स ९०६० एक्सटीचा १६ जीबीवाला भाव विचारून बघा. परदेशात तो ८ जीबीवाल्यापेक्षा ५० डॉलरनेच महाग निघाला होता.

निफाडकर
म्हणजे अर्धी रॅम भाव पडेपर्यंत थांबणार. अर्धी मॅच मी जिंकलो, लिहून ठेवा.

कॉलेजरोडकर
आणि बाकीचा पूर्ण पीसी जूनच्या आत. मोजून घ्या.

सिडको सर्व्हिसिंग
तुमची मॅच चालू द्या. काका, कोटेशनमध्ये एसएमपीएसच्या पुढे नुसतं '५५० वॅट' आहे, कंपनीचं नावच नाही. कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं बिलावर लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.