स्टेशनला चिकटून राहायचो, तरी आउट ऑफ स्टेशन!

चाटीगल्लीची:
काल कपाट आवरताना बाबांचा रजेचा अर्ज सापडला. कार्बन कॉपी, निळी, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. 'आय अ‍ॅम गोइंग आउट ऑफ स्टेशन. काइंडली ग्रँट टू डेज लीव अँड डू द नीडफुल.' तेव्हा आम्ही सोलापूरच्या रेल्वे लाईन्समध्ये राहायचो, शंटिंगच्या आवाजाशिवाय झोप लागायची नाही. चौथीत असताना बाबांना विचारलं होतं, आपण स्टेशनला चिकटून राहतो, मग बाहेर कुठं? म्हणाले, "अगं, पंढरपूरला गेलं तरी आउट ऑफ स्टेशनच." इंग्रजाच्या राज्यात साहेबाची नेमणूक जिथं, ते त्याचं स्टेशन. साहेब 1947 ला गेला, अर्ज तसाच चालू राहिला. 'नीडफुल' म्हणजे नक्की काय करायचं, ते बाबांनी कधी लिहिलं नाही. रजा मात्र दर वेळी मिळायची.
तुमच्याकडचे असल्या इंग्रजीचे नमुने सांगा. टिंगल आपापल्या घरच्यांचीच करा.

कडकभाकरी:
अय्यो माझ्याकडे खजिना आहे. फोडणी टाकून आले

पूर्वभाग:
घरी तेलुगू, गल्लीत मराठी, वर्गात इंग्रजी. माझ्या प्रत्येक वाक्यात 'व्हाय बिकॉज'. पुण्यात पहिल्या नोकरीत मॅनेजर म्हणाला, व्हाय म्हण नाहीतर बिकॉज म्हण, दोन्ही कशाला? त्याला काय सांगू! आई 'एंदुकंटे' म्हणते, त्यात 'का' पण आलं अन 'म्हटलं तर' पण आलं. शेजारच्या कन्नडवाल्या काकू 'याकंद्रे' म्हणतात, तेही तसंच. वीस वर्षं झाली, अजून तोंडातून जात नाही. व्हाय बिकॉज सवय.
वडील अजून यमआयडीसी, यलआयसी म्हणतात.

गड्डाफॅन:
यम यल ला हसताय, मग यष्टी कोणाची? ती आपलीच की

हुतात्मावाला:
माझं ऐका. ऑफिसचा कॉल, समोर चेन्नईची टीम. घाईत बोलून गेलो, "सेंड द फाईल बे." सोलापूरच्या माणसाचं बे म्हणजे श्वास, लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मॅडमचा मेसेज, प्लीज मला बे म्हणू नका. हल्लीची पोरं लाडक्या माणसाला इंग्रजीत बे म्हणतात हे मला काय माहीत! वरिष्ठांसमोर बसून समजावलं की आमच्याकडं रिक्षावाल्याला, मित्राला, म्हशीलासुद्धा बे म्हणतात. म्हशीचं सांगायला नको होतं.

गड्डाफॅन:
😂😂 काय बे

सातरस्ता_७७:
हुतात्मावाले, हुतात्मा हल्ली वेळेवर पोचते का पुण्याला? शनिवारी निघायचंय

हुतात्मावाला:
ओ काका, नाव घेतलं म्हणून मी गार्ड नाही. पण शनिवारी मी पण त्याच गाडीत आहे.

टर्किश:
आमचं टॉवेल-चादरींचं दुकान. परवा बाहेरगावचं गिऱ्हाईक, 'टेरी टॉवेल दाखवा'. नवीन पोऱ्या म्हणाला, "टेरी नाही, टर्किश हाय." गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं. मी हातातला चहा ठेवून मागं पळालो, साहेब, एकच ते! त्यानं टॉवेल उलटासुलटा केला, सुताचे फासे बोटानं ओढून बघितले, मग विचारलं, "पण तुर्कस्तानचा आहे ना?" आता काय बोलावं. पाटीवर 'फिक्स रेट' लिहिलंय, खाली मी रोज विचारतो, किती कमी करू बोला.

कडकभाकरी:
आले. फोडणी जळाली तुमच्यामुळं.
कस्टमर केअरचा फोन, इंग्रजीत. सिम यांच्या नावावर. म्हटलं, "माय मिस्टर इज नॉट होम." पलीकडून, "मिस्टर हू, मॅम?" आता नाव कसं घेणार, समोर सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या! म्हटलं, "मिस्टर ओन्ली." तो परत, मिस्टर हू? मी परत, "माय मिस्टर ओन्ली." मिस्टरच, दुसरं कोण! चौथ्यांदा विचारल्यावर मी फोन ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "चुकून राँग नंबर लागला व्हय?"

पूर्वभाग:
चुकून राँग 👌 पिवळा पीतांबर. आमच्याकडं 'गोल सर्कल' आणि 'लेडीज बायका' आहेत

गड्डाफॅन:
ताई, उखाणा घ्यायचा की फोनवर

जुनीमिल:
सगळं वाचून हसलो. माझं जरा वेगळं. आजीला अक्षरओळख नव्हती. इंग्रजी दोनच शब्द, एक 'शिप', आजोबांची मिलमधली पाळी, अन दुसरा 'मार्शल्ला'. 1930 च्या मे महिन्यात गावावर मार्शल लॉ लागला तेव्हा ती परकर घालणारी पोर होती. म्हातारपणी रात्री कुणी दार जोरात वाजवलं की अंथरुणातनं ओरडायची, "मार्शल्ला आला का रे?" आम्ही पोरं मुद्दाम दार वाजवायचो. 12 जानेवारी 1931 ला सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी दिली हे शाळेत शिकलो, त्या दिवसापासून वाजवलं नाही.

चाटीगल्लीची:
काका 🙏

सातरस्ता_७७:
माझी आई पण म्हणायची हा शब्द. विसरूनच गेलो होतो.

टर्किश:
शनिवारी पुण्याला जाणाऱ्यांनी जरा हात वर करा. बहिणीला शेंगा चटणी पाठवायची आहे, अर्धा किलो

हुतात्मावाला:
द्या, नेतो. जादाची पाव किलो माझी.

कडकभाकरी:
उखळात कुटलेली बघून घ्या हं. मिक्सरच्या चटणीला तेल सुटत नाही