मदत हवी आहे: तीन वायफाय स्पीकर, पण एका वेळी तिन्ही दिसत नाहीत (नागपूर, खाली-वर घर)

प्रतापनगरकर
नमस्कार मंडळी. घर प्रतापनगरला, तळमजला आणि वर एक मजला, नऊ इंची विटांच्या भिंती. तीन वायफाय स्पीकर घेतलेत, तिन्ही एकाच कंपनीचे. नाव लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा त्या कंपनीवरच घसरेल. एक खाली हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक वर बाबांच्या खोलीत. सकाळी एकच अभंग तिन्हीकडे लागावा, एवढीच अपेक्षा.

पहिली अडचण: फोन घेऊन खाली बसलो की अ‍ॅपमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर दिसतं, वरचा गायब. वर गेलो की फक्त वरचा दिसतो, खालचे दोन्ही बेपत्ता. ग्रुप करायचा तर तिन्ही एकदम दिसायला हवेत. वायफायचं नाव आणि पासवर्ड खाली-वर एकच आहे, त्यामुळे नेटवर्क वेगळं असण्याचा प्रश्न नाही.

दुसरी: स्वयंपाकघरातला स्पीकर सकाळी ठणठणीत वाजतो आणि दुपारी अडखळतो. दोन ओळी वाजतात, मग शांतता, मग पुन्हा मधूनच सुरू. थंडीत हा त्रास अजिबात नव्हता.

अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, स्पीकर रीसेट केले, दुसरा फोन वापरून पाहिला. दुकानदार म्हणतो, "नेट स्लो असेल." नेट १०० एमबीपीएसचं आहे आणि त्याच वेळी टीव्हीवर सिनेमा न अडकता चालतो. कोणाला काही सुचतंय का?

बर्डीचा बाबू
भाऊ, एवढं डोकं कायले लावून राहिले? मेश घ्या, म्हंजे एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, तीन डबे तीन ठिकाणी लावा, झालं. माह्या भाच्यानं लावलं, झकास चालून राहिलं.

सोल्डरगन
मेशचं नंतर बघू. पैसे खर्च करायला अख्खा उन्हाळा पडलाय.

नेट स्लो असण्याचा इथे संबंधच नाही. उत्तम दर्जाचं गाणंसुद्धा सेकंदाला ३२० किलोबिटच्या आसपास मागतं, तुमच्या १०० एमबीपीएसचा तो किरकोळ हिस्सा. शिवाय स्पीकर अ‍ॅपमध्ये दिसणं न दिसणं हा घरातल्या घरातला मामला आहे, बाहेरचं नेट त्यात येतच नाही.

एवढं सांगा: वरच्या मजल्यावर वायफाय कशातून येतं? आणि फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारली की आयपी पत्ता दिसतो. तो एकदा खाली बसून आणि एकदा वर जाऊन बघा.

प्रतापनगरकर
वर माझा जुना राउटर आहे. खाली फायबरवाल्यांनी बसवलेला डबा, त्यातून केबल काढून वर नेली आणि राउटरच्या निळ्या पोर्टात लावली.

पत्ता खाली १९२.१६८.१.३४ दिसला, वर १९२.१६८.०.१०३.

सोल्डरगन
मग पहिल्या अडचणीचं उत्तर तुम्हीच लिहिलंत. तिसरा आकडा बघा. खाली १, वर ०. नाव एक असलं तरी घरात नेटवर्क दोन आहेत. निळा पोर्ट म्हणजे वॅन पोर्ट, बाहेरचं नेट आत घेणारा. त्यात केबल लावली की तो राउटर स्वतःला घराचा मालक समजतो आणि आपल्या मागे वेगळं नेटवर्क उभं करतो.

नेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण स्पीकर शोधण्याची पद्धत निराळी आहे. फोन आपल्या नेटवर्कवर एक हाळी देतो, "कोण कोण आहे रे?" या हाळीचा पत्ता ठरलेला असतो, बहुतेक वेळा २२४.०.०.२५१. जे स्पीकर ऐकतात ते ओ देतात. ही हाळी राउटर ओलांडून पलीकडच्या नेटवर्कात जात नाही. म्हणून खालचा फोन वरच्या स्पीकरला कधी भेटत नाही. दोन्हीकडे एकच नाव ठेवल्याने उलट जास्त फसवणूक होते, कारण जिना चढता-उतरता फोन गुपचूप इकडून तिकडे जातो.

वरच्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न काढता खालचंच नेटवर्क वर पसरवेल. सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' असेल तर तिथेच पर्याय मिळेल. जुन्या मॉडेलात नसला तर हाताने करावं लागतं, आणि त्यात क्रम चुकवू नका. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. आधी राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता, बदलून १९२.१६८.१.२ करा, पण खालचा डबा हा पत्ता दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना ते त्याच्या डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) यादीत बघून घ्या. मग नव्या पत्त्याने आत जाऊन डीएचसीपी बंद करा. सर्वांत शेवटी खालून आलेली केबल निळ्या पोर्टातून काढून पिवळ्या लॅन पोर्टांपैकी एकात लावा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि आत शिरायला खटाटोप करावा लागेल.

पुणेरी पाहुणा
एवढं करण्यापेक्षा ब्लूटूथ स्पीकर घेतला असता तर? जोडला की वाजला. बाकी नागपूरकरांना मे महिन्यात अभंग ऐकण्याइतकं त्राण उरतं, हेच कौतुकास्पद आहे.

सोल्डरगन
पाहुणे, या एकदा नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, सावजीचा रस्सा खाऊ घालतो. मग त्राणाबद्दल बोलू.

ब्लूटूथ एका खोलीत ठीक. साधारण दहा मीटरचा पल्ला, तोही मोकळ्या जागेत. नऊ इंची भिंत आणि स्लॅब मध्ये आला की संपलं. शिवाय फोन खिशात घालून माणूस अंगणात गेला की गाणंही त्याच्यामागे जायला बघतं. वायफाय स्पीकर ऑनलाइन गाणं बहुधा स्वतःच ओढतो, फोन रिमोटपुरता उरतो.

मनीषनगरची मावशी
मी तांत्रिक नाही, पण एक विचारते. स्वयंपाकघरात स्पीकर नेमका ठेवलाय कुठे? आमच्याकडे मुलाने हौसेनं स्टीलच्या मांडणीत ठेवला होता, खाली ताटं, बाजूला डबे. सारखा तुटायचा. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला तेव्हापासून तक्रार नाही.

प्रतापनगरकर
मावशी, अगदी तस्साच! मांडणीत, मधल्या कप्प्यात, डाव्या हाताला पोह्याचा डबा आणि उजवीकडे पिठाचा. पण मांडणी तर थंडीतही तिथेच होती, तेव्हा त्रास कसा नव्हता?

सोल्डरगन, वरचा राउटर आज रात्री बदलतो.

सोल्डरगन
मावशींनी अर्धं काम केलं. स्टील वायफायची लहर अडवतं आणि परतवतं. थंडीत मात्र ती लहर कुठून तरी वाट काढून पोचत असणार. उन्हाळ्यात त्या वाटेत काय नवीन आलं? कूलर कुठे बसवलाय?

प्रतापनगरकर
मागच्या वरांड्यात, स्टँडवर, हॉलच्या खिडकीला लावून. मोठा लोखंडी, तिन्ही बाजूंना वाळा. हॉलची ही खिडकी आणि स्वयंपाकघराचं दार दोन्ही त्याच वरांड्यात उघडतात. फायबरचा डबा हॉलमध्ये खिडकीसमोरच्या टीव्हीच्या कपाटात.

अरे बाप्पा. म्हणजे वाट त्या खिडकीतूनच होती?

सोल्डरगन
दाट शक्यता. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत जाड, म्हणून लहर खिडकीतून वरांड्यात आणि तिथून दारातून आत येत होती. आता तिथे पत्र्याचं खोकं उभं आहे, टाकीत पाणी आणि भिजलेला वाळा. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात बऱ्यापैकी शोषली जाते. सकाळी वाळा कोरडा असतो, दुपारी चिंब. जेमतेम पोचणारा सिग्नल तेवढ्यानेही खाली जाऊ शकतो.

अंदाजावर थांबू नका, मोजा. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर हे सिग्नल मोजणारं अ‍ॅप टाका, मांडणीजवळ फोन धरा आणि डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघा. उणे ६० म्हणजे उत्तम, उणे ७० चालून जातं, उणे ८० च्या आसपास गाणं तुटणारच. दुपारी कूलर चालू असताना एकदा मोजा, मग नुसता बटणावर बंद करून पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला तर कूलरची मोटर निर्दोष, दोष खोक्याचा आणि पाण्याचा.

आणि तो डबा कपाटातून बाहेर काढा. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ० ते ४० अंश तापमान लिहिलेलं असतं. आपल्याकडे सोनेगावच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदलं गेलंय. बंद कपाटात सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर बसलेल्या डब्याची दुपारी काय गत होत असेल! फक्त काढताना फायबरची पिवळी वायर काटकोनात मुडपू नका. तिला तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण सोसत नाही.

बर्डीचा बाबू
म्हंजे मेशचे पैसे वाचले का नाही वाचले, तेवढं सांगा राजा हो.

प्रतापनगरकर
अहवाल देतो.

वरचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट झाला. सोल्डरगन यांचा क्रम तंतोतंत पाळला, कुठे अडलं नाही. आता वरही पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि जिन्यात उभा राहिलो तरी तिन्ही स्पीकर दिसतात. वरचा स्पीकर स्वतःहून आला नाही, त्याचा प्लग काढून पुन्हा लावावा लागला.

दुपारचा आकडा मांडणीत उणे ८१. कूलर बंद करूनही उणे ८०, म्हणजे मोटर सुटली. स्पीकर मांडणीतून काढून दाराशेजारच्या लाकडी फळीवर ठेवला तर उणे ७३. डबा कपाटातून काढून टीव्हीच्या वर, खिडकीच्या थोडा बाजूला लावला: उणे ६६. कूलर जिथल्या तिथे आहे, त्याला हलवायची गोष्ट काढली तर घरात मलाच वरांड्यात झोपवतील.

बाबू, मेशचे पैसे वाचले.

आणखी एक निघालं. २.४ गिगाहर्ट्झ वायफायच्या चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ होती आणि चॅनल ऑटोवर. आजूबाजूची सगळी घरं ६ वर गर्दी करून आहेत. मी रुंदी २० करून खाली चॅनल १ आणि वर ११ ठेवला. बरोबर ना?

सोल्डरगन
अगदी बरोबर. २० च्या रुंदीत १, ६ आणि ११ एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, त्यामुळे खाली-वर वेगळे ठेवलेत ते उत्तम. मधलेच ३ किंवा ८ वगैरे निवडू नका, त्यात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा त्रास होतो. १२ आणि १३ आपल्याकडे चालतात, पण काही उपकरणांना ते दिसतच नाहीत.

मनीषनगरची मावशी
छान झालं. आता माझा प्रश्न. वादळी पावसात आमच्याकडे लाईट जाते. परत आली की स्पीकर लाल दिवा लावून बसतो, बटण बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही. इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे-दिव्यांना.

सोल्डरगन
मावशी, लाईट आली की स्पीकर अर्ध्या मिनिटात जागा होतो. फायबरच्या डब्याला मात्र सुरू होऊन पलीकडच्या यंत्रणेशी जुळायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. तोवर वायफाय नसल्याने काही स्पीकर शोधायचं सोडून देतात. डबा बंदच पडला नाही तर हा प्रश्न येत नाही, म्हणून इलेक्ट्रिशियनला सांगून त्याचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. बॅटरीवर भार नगण्य येईल.

वायरिंग फोडायचं नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घ्यायच्या आधी डब्याच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळला पाहिजे, बहुतेक ठिकाणी १२ असतो, काही डबे ९ चे असतात. अँपिअर लेबलवर आहे तेवढा किंवा त्याहून जास्त चालेल, कमी नको. पिनची जाडी आणि प्लस-मायनसची खूणही ताडून घ्या. लेबलचा फोटो काढून दुकानात न्या, म्हणजे तोंडी सांगताना घोळ होणार नाही.